डाव्या अंगठ्याची वडी

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या. मी त्यांना वहिनी म्हणायचे. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. गॅसवर निर्गुंडीचा काढा होता. त्या म्हणाल्या, "सुनीता, जरा हे बघ," आणि खाली बसल्या. मी गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांना हाक मारली. डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि घड्याळ पाहिलं.

जाऊ गेल्यावर किती शोक करायचा, याची आपल्याकडे काही रीत नाही. नवरा गेला की काय बोलायचं ते लोकांना ठाऊक असतं. माझे यजमान गेले तेव्हा लोकांनी ते सगळं बोलून घेतलं होतं. जाऊ गेली म्हटल्यावर लोक "अरेरे" म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात विचारतात, "मुलगा काय करतो त्यांचा?" मुलगा, प्रसाद, मुलुंडला असतो, चांगल्या नोकरीत आहे. एवढं सांगून झालं की भेट संपते. आम्ही दोघी अंधेरीच्या या तळमजल्यावरच्या घरात एकत्र राहत होतो आणि एकत्र काम करत होतो. त्या कामाविषयी लिही, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं. लिहायला बसते आणि उठते. 

काम एका ओळीत सांगता येतं. सुजलेल्या कंडरांवर लावायच्या लेपाच्या वड्या आम्ही घरी करायचो. वहिनी गेल्या तेव्हा त्यांच्या हातच्या वड्या बरणीत होत्या. त्या गिऱ्हाइकांना द्यायच्या की ठेवून घ्यायच्या, हा एकच प्रश्न गेले काही महिने माझ्यापुढे होता.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मनगटात असते, कोपराला असते, खांद्यात, टाचेच्या मागे. एकच हालचाल माणूस वर्षानुवर्षं करत राहिला की ती दोरी सुजते. आमच्याकडे येणाऱ्या कोणीही तिला कंडरा म्हटलं नाही. "नस चढली", "शीर आखडली", "इथून इथपर्यंत वायर गेलीय बघा" असंच लोक सांगायचे. वहिनी काही दुरुस्त करायच्या नाहीत. दुखरी जागा एका बोटाने दाखवायला सांगायच्या. एका बोटाने दाखवता आली तर पुढे बोलायच्या. पूर्ण पंजा फिरवून "सगळीकडेच" म्हणणाऱ्याला चहा द्यायच्या आणि डॉक्टरांकडे पाठवायच्या.

वहिनींच्या माहेरी चिपळूणला काष्ठौषधींचं दुकान होतं. वडीची कृती तिथली. सुंठ, आंबेहळद, रक्तचंदन, काळा बोळ, थोडी तुरटी. सगळं कुटून वस्त्रगाळ करायचं आणि निर्गुंडीच्या पानांच्या आटवलेल्या काढ्यात मळायचं. पानं आम्ही मनोरीहून आणायचो. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने पलीकडे गेलं की ओळखीच्या एका घराला निर्गुंडीचंच कुंपण होतं. मळून झालं की बोटाएवढ्या वड्या वळायच्या, आणि प्रत्येक ओल्या वडीच्या पाठीवर अंगठा दाबायचा. या खळग्यामुळे वडी मधून लवकर वाळते, तडकत नाही. शिवाय ती सहाणेवर उगाळताना अंगठा टेकायला जागा मिळते, निसटत नाही. मग सुपात घालून सावलीत वाळवायच्या. उन्हात कधीच नाही.

वापरायची रीतही साधी आहे. वडी पाण्यात उगाळायची, लेप पळीत कोमट करायचा, पातळ लावायचा आणि पूर्ण वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. लोक नेमकं उलटं करतात. जाड थापतात, वर घट्ट पट्टी बांधतात आणि त्याच्यावर झोपतात. कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी रात्रभर लेप ठेवून सकाळी आली. लेप निघाला, बरोबर मनगटाची थोडी सालही निघाली.

"आँटी, मला वाटलं जास्त ठेवला तर जास्त फरक पडेल ना!"

"मग पोळीही तव्यावर रात्रभर ठेवत जा," वहिनी म्हणाल्या. तिच्या मनगटाला खोबरेल लावत होत्या तेव्हा.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यामुळे वडीबरोबर द्यायची सूचनांची चिठ्ठी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. माझा पहिला मसुदा पानभर होता. त्यात दाह म्हणजे काय, इथपासून सुरुवात होती. वहिनींनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"छान लिहिलंयस. पण हे वाचून होईपर्यंत बाईचा हात बरा झालेला असेल."

शेवटी तीन वाक्यं उरली. आधी विश्रांती. मग लेप. चोळू नये. माझं छापून आलेलं लिखाण म्हणजे इतकंच, आणि ते अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत बऱ्याच स्वयंपाकघरांत चिकटवलेलं होतं. पाळलं किती जणांनी, हे निराळं.

लेपाने काय होतं आणि काय होत नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. सूज थोडी उतरते, ठणका कमी होतो, आणि लेप लावून माणूस जेवढा वेळ हात आवरून बसतो तेवढी त्या हाताला विश्रांती मिळते. त्या म्हणायच्या, "अर्धं काम तर बसून राहण्याचंच आहे. पण नुसतं बस म्हटलं तर कोण बसेल? हाताला काहीतरी फासलं की घरचेही भांडी घासायला सांगत नाहीत." तुटलेल्या दोरीवर लेप चालत नाही, हे त्या पहिल्यांदा सांगायच्या. एकदा एक गृहस्थ लंगडत आले. बॅडमिंटन खेळताना टाचेमागे टक् आवाज झाला होता. त्यांना वाटलं, मागच्या खेळाडूची रॅकेट लागली. मागे कोणी नव्हतं. वहिनींनी त्यांना भिंतीला धरून चवड्यावर उभं राहायला सांगितलं. टाच उचललीच गेली नाही.

"वडी देणार नाही. इथून रिक्षा करा आणि सरळ हॉस्पिटलमध्ये जा."

"अहो, मी तेवढ्यासाठी घाटकोपरहून आलोय."

"मग परत जाताना वाटेत चांगली हॉस्पिटलं लागतील."

ते रागावून गेले. ऑपरेशन झाल्याचं पुढे त्यांच्या ओळखीच्या कोणाकडून कळलं. ते काही परत आले नाहीत. "चांगलं गिऱ्हाईक होतं, गेलं," एवढंच वहिनी म्हणाल्या. पण ऑपरेशनचं कळलं त्या दिवशी त्यांनी दुपारी दुसरा चहा घेतला, जो त्या एरवी घेत नसत.

आता हिराबाईविषयी सांगायला हवं. हिराबाई खारदांड्याची कोळीण. बाजारात मासळी विकते आणि गिऱ्हाइकाला साफ करून देते. सुरमई कापायची, कोळंबी सोलायची, बोंबलाची डोकी उडवायची, हे सगळं उजव्या हाताने दिवसभर. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला तिला गाठीसारखी सूज यायची. ती यायची तेव्हा आधी आवाज यायचा.

"शालूबाय! चिखल हाय का तुजा?"

लेपाला ती चिखल म्हणायची, आणि वहिनींना शालू म्हणणारी आमच्या माहितीत ती एकटीच होती. वहिनी तिला समोर बसवून स्वतः वडी उगाळून लेप लावायच्या, आणि दरवेळी तेच संभाषण व्हायचं.

"हिराबाई, विश्रांती घेतलीस का?"

"इश्रांती बोलायला बरी हाय. म्हावरं काय आपणहून खवलं काढून टोपलीत बसतं?"

"सुनेला बसव चार दिवस."

"बसवते. आन् मंग बाजूची रखमा माझी पाटी सरकवते नि पाय पसरून बसते. जागा गेली की गेली, बाय. हात परत येल, जागा नाय येत."

यावर वहिनी लेप पुढे पसरवत राहायच्या. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की हिराबाईचा हात आपोआप उतरायचा. नारळी पौर्णिमा झाली, बाजार भरला, की पुन्हा सुजायचा. लेपाने तिचा हात बरा झाला असं मी म्हणणार नाही. लेपावर तिने हात रेटला, हे खरं आहे.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचा स्वतःचा अंगठा दुखायला लागला. उजव्या हाताचा, हिराबाईची दुखायची तीच जागा. तवा उचलताना कळ यायची. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि हाताचं काम बंद करायला सांगितलं. वहिनी जेवताना पट्टा घालायच्या आणि पीठ मळताना काढून ठेवायच्या.

"वहिनी, चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"चिठ्ठी गिऱ्हाइकांसाठी आहे."

भांडून भांडून मी कुटणं, गाळणं, मळणं माझ्याकडे घेतलं. वळणंही घेतलं. वडीच्या पाठीवर अंगठा दाबायचं तेवढं त्या देईनात. मी एकदा करून दाखवलं. त्यांनी वडी उजेडात धरली.

"पोपटाने चोच मारावी तसं दिसतंय. तुझा अंगठा पुस्तकाची पानं उलटायचा आहे गं."

मग शेवटच्या हिवाळ्यात उजवा टेकवेनासा झाला तेव्हा त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. डाव्या हाताला सवय नव्हती. पूर्वीच्या वड्यांवरचा खळगा थोडा एका बाजूला कललेला असायचा, सगळ्यांवर सारखा. आता तो दुसऱ्या बाजूला कलला, कुठे खोल, कुठे उथळ. वहिनींना ते आवडलं नाही. त्यांनी त्या वड्या बरणीच्या तळाशी घातल्या आणि जुन्या वर ठेवल्या.

"आधी त्या चांगल्या संपव. ह्या वेड्यावाकड्या शेवटी काढू."

म्हणून त्या गेल्या तेव्हा बरणीत वर चांगल्या होत्या आणि खाली डाव्या हाताच्या.

दिवसकार्य झालं. लोक येत राहिले. काहींना माहीत नव्हतं, ते दारातूनच "काकू आहेत का?" विचारायचे. मी सांगायचे. मग ते संकोचाने वडी मागायचे. मी द्यायचे. मला राग यायचा नाही. दुखणं कोणासाठी थांबत नाही, आणि मला तेवढंच उठायला कारण मिळायचं. उन्हाळ्यात चांगल्या वड्या संपल्या. एका सकाळी मी बरणीत हात घातला आणि डाव्या अंगठ्याची वडी हाताला लागली. ती गिऱ्हाइकाला देता आली नाही. "संपल्या, पुढच्या आठवड्यात या," असं सांगून मी दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात प्रसाद आला.

"काकू, आता बंद कर ना हे. आईचा हात गेला यात. तुझाही जाईल."

"हात नाही रे गेला त्यांचा. हृदय बंद पडलं."

"तेच. शेवटपर्यंत उभीच होती ती." त्याने बरणी पुढे ओढली. "एक मला दे. आणि बाकीच्या तुला ठेव. वाटून टाकू नकोस प्लीज."

मी त्याला एक दिली. ती त्याने रुमालात गुंडाळली. उरलेल्या मी स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. सांगायची लाज नाही, संध्याकाळी मी तो कधीकधी उघडायचे. खळग्यात बोट ठेवलं की त्यांच्या अंगठ्याच्या बारीक रेघा लागतात. वाळलेल्या मातीसारख्या वस्तूत माणूस इतका राहतो, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर मला जरा अति वाटलं असतं.

काम बंद केलं नाही. एकटी बोटीने मनोरीला जाऊन पानं आणली. वड्या केल्या, माझ्या उजव्या अंगठ्याने दाबल्या. पोपटाच्या चोचीच. लोकांनी नेल्या, कोणी काही बोललं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर हिराबाई आली. वहिनी गेल्या तेव्हा ती भेटून गेली होती. या वेळी दारात आवाज आला नाही. ती आत येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मनगटाची कड इतकी फुगली होती की बांगड्या वर सरकवून ठेवल्या होत्या.

"सून बालंतपणाला म्हायेरी गेली. घरात मीच, बाजारात मीच. कोयता हातातनं पडतो. रखमा नुसती बघत बसलीय."

मी तिला बसवलं. डॉक्टरांना दाखव म्हणाले. "दावलं. सुई टोचून घे बोलतो. घेईन. पन आज बाजारात बसायचंय." मी तिच्यासाठी लेप उगाळायला घेणार, तोच तिने सहाण स्वतःकडे ओढली.

"बघू दे. घरी कोन उगाळून देनार हाय मना?"

तिने माझी वडी उचलली. डाव्या हाताने, कारण उजवा उचलत नव्हता. सहाणेवर फिरवायला लागली. दोन वेढे झाले आणि वडी निसटून फ्रिजखाली गेली. मी ती काढून दिली. पुन्हा निसटली.

"हिच्यात अंगठा बसत नाय, बाय. शालूची दे."

"वहिनींच्या संपल्या." मग मला ते खोटं जड झालं. "थोड्या आहेत, पण त्या याहून वाकड्या आहेत. त्यांनीच बाजूला ठेवल्या होत्या."

"दाव तरी."

मी डबा आणला. वाकड्या आहेत हे तिला दिसावं आणि विषय मिटावा, एवढाच माझा हेतू होता. तिने एक वडी डाव्या हातात घेतली. अंगठा खळग्यात ठेवला. तो आपसूक आत गेला, जसा दुसऱ्याच्या हातात हात जातो. सहाणेवर वडी गोल फिरायला लागली आणि लाल लेप उतरायला लागला. 

मी बघत राहिले. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा उजवा हात दुखायचा. उजवा दुखणारा माणूस डाव्याने उगाळणार. आणि आम्ही इतकी वर्षं धडधाकट उजव्या अंगठ्याने, धडधाकट उजव्या अंगठ्यासाठी वड्या दाबत आलो. चिपळूणच्या दुकानातही तसंच करत असतील. वडी निसटते अशी तक्रार लोक करायचे तेव्हा आम्ही म्हणायचो, नीट धरा. वहिनींचा स्वतःचा हात गेला तेव्हा कुठे दुखऱ्या माणसाला धरता येईल अशी वडी आमच्या घरात तयार झाली, आणि ती वाकडी म्हणून त्यांनी बरणीच्या तळाशी ढकलली. त्यांना हे कळलं नाही. मला कळलं तेव्हा सांगायला त्या नव्हत्या.

हिराबाईने लेप लावून घेतला. मग डब्यात डोकावली.

"ह्या सगल्या दे."

"हिराबाई, त्या ठेवायच्या आहेत."

"कशाला?"

"आठवण म्हणून."

ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

"माझा नवरा गेला तवा त्याचं जालं मी माल्यावर ठेवलं. आठवन म्हनून. उंदरांनी खाल्लं." मग सुजलेला हात मांडीवर अलगद ठेवत म्हणाली, "माझ्या हाताला लागतील त्या. तुज्या कपाटाचं काय दुखतंय?"

मला हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. ते हसू मग नीट राहिलं नाही, आणि हिराबाईने तिच्या बऱ्या हाताने माझी पाठ थोपटली. त्या हाताला लेपाचा आणि बाजाराचा, दोन्ही वास होते.

मी डबा तिच्या पिशवीत रिकामा केला. प्रसादला फोन करून सांगितलं. कोणाला, असं त्याने आधी विचारलं. मग म्हणाला, "बाजारातली मावशी ना ती? आईला शालू म्हणायची?" मी हो म्हटलं. "ठीक आहे," तो म्हणाला.

हिराबाईने नंतर सुई घेतली. तिचा हात सुईने उतरला की लेपाने, हे मी सांगू शकत नाही आणि वहिनींनीही सांगितलं नसतं. ती तिच्या जागेवर बसते आहे, एवढं मी बाजारात जाऊन पाहून आले. रखमा तिच्या शेजारी पाय आखडून बसली होती.

पुढच्या वेळी पीठ मळलं तेव्हा मी डावा अंगठा वापरला. पहिल्या सुपातल्या निम्म्या वड्या मोडून पुन्हा वळाव्या लागल्या. माझा उजवा अंगठा दुखत नाही. तरी आता मी डाव्यानेच दाबते. हात लवकर थकतो, म्हणून थोड्याच करते, आणि दोन घाण्यांच्या मध्ये चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे बसून राहते. समोरची वहिनींची खुर्ची तिथेच आहे.

वहिनींच्या हातची एक वडी मुलुंडला प्रसादच्या कपाटात आहे. हिराबाईकडच्या झिजून संपल्या. इथे बरणीत माझ्या आहेत, डाव्या अंगठ्याने दाबलेल्या.